सहा शर्यती, मग थेट स्टड फार्म : हे घोड्याच्या जातीच्या हिताचे आहे का?

खरारा

भारतीय डर्बीच्या जुन्या निकालांवरील धाग्यात ‘चौथा भागीदार’ यांनी परवा लिहिले की, फ्लाइटलाइन या अमेरिकी घोड्याला सहा शर्यतींनंतर निवृत्त करून पैदाशीसाठी स्टड फार्मला नेण्यात काहीच गैर नव्हते, घोडा ही मालकाची मालमत्ता आहे, आणि ज्यांनी चंदीचा एक दाणाही स्वतःच्या पैशाने विकत घेतलेला नाही त्यांनी घोडा किती वर्षे पळवावा हे मालकाला शिकवू नये. तिथेच उत्तर दिले असते तर त्या धाग्याचा विषय बाजूला पडला असता, म्हणून हा स्वतंत्र धागा.

फ्लाइटलाइन २०२१ च्या एप्रिलमध्ये, तीन वर्षांचा असताना, पहिल्यांदा धावला आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कीनलंडला ब्रीडर्स कप क्लासिक सव्वाआठ लांबींनी (एक लांबी म्हणजे एका घोड्याच्या लांबीएवढे अंतर) जिंकून थांबला. सहा शर्यती, सहा विजय. लगेच दोन दिवसांनी त्याच्यातील अडीच टक्के हिस्सा लिलावात ४६ लाख डॉलरला गेला, म्हणजे संपूर्ण घोड्याची किंमत १८ कोटी ४० लाख डॉलर ठरली. त्याने धावून मिळवलेली एकूण बक्षिसे ४५ लाखांच्या थोडी वर होती. सहा शर्यतींची सगळी कमाई एका पारड्यात आणि त्याचा अडीच टक्के हिस्सा दुसऱ्यात टाकला तरी हिस्सा जड भरतो. हा हिशेब मलाही कळतो. मालकाने पैसे मिळवू नयेत असे माझे म्हणणे नाही.

माझे म्हणणे असे आहे की शर्यत ही पैदाशीची परीक्षा आहे, आणि तीनशे वर्षे थरोब्रेड ही शर्यतीच्या घोड्यांची जात याच परीक्षेवर उभी आहे. ज्याच्या पायांत दम, छातीत श्वास आणि डोक्यात धीर असेल त्याचीच शिंगरे पुढे यावीत, हा या खेळाचा गाभा आहे. आता आपण तीन वर्षांच्या घोड्याला वेगाचा एकच प्रश्न विचारतो, आणि ‘हे पाय चौथ्या व पाचव्या वर्षी टिकतील का’ हा प्रश्न विचारण्याआधीच त्याला पागेतून बाहेर काढतो. मग त्याच्यापुढे दरवर्षी दीडशे-दोनशे घोड्या उभ्या राहतात, आणि न तपासलेले पाय पुढच्या पिढीत पसरतात. अमेरिकेत १९६० साली एक घोडा वर्षाला सरासरी ११ शर्यती धावत असे, आज तो सहाच्या आसपास धावतो. याची कारणे अनेक असतील, परंतु ज्यांना आपण बाप म्हणून निवडले ते स्वतः किती धावले होते, हे त्यांतील एक कारण नाही असे मला कोणी पटवून द्यावे.

माझी सूचना साधी आहे. पाच वर्षांचा होण्यापूर्वी ज्या घोड्याने घोड्या फळवल्या, म्हणजे गाभण केल्या, त्याच्या शिंगरांना क्लासिक, म्हणजे डर्बीसारख्या मानाच्या, शर्यतींत प्रवेश नसावा. खरोखर जायबंदी झालेल्या घोड्यासाठी पशुवैद्यांच्या मंडळाने सूट द्यावी.

चौथा भागीदार

खरारा साहेब, माझे वाक्य आपण जसेच्या तसे दिले याबद्दल आभार. मी त्यातील एक शब्दही मागे घेत नाही.

आम्ही चौघांनी मिळून एक कोल्ट, म्हणजे तरुण नर घोडा, घेतला होता. आमच्यात कोणी महाराजा नाही. दोघे नोकरदार, एक दुकानदार आणि एक निवृत्त प्राध्यापक. पुण्याच्या पावसाळी हंगामात त्याने दोन चांगल्या शर्यती जिंकल्या, आणि एका स्टड फार्मकडून अशी रक्कम सांगून आली की आमची सर्व खर्चवसुली होऊन वर मुलांच्या शिक्षणाची सोय झाली असती. तेव्हा रेसकोर्सच्या कठड्याजवळ उभे राहून आपल्यासारखेच लोक आम्हाला सांगत होते की, असा घोडा पळताना पाहायला मिळणे हे भाग्य आहे, त्याला विकू नका. आम्ही ऐकले. पुढच्या हंगामात पहाटेच्या सरावात, शर्यतीतही नव्हे, त्याच्या पुढच्या पायाच्या मागील बाजूचे सेसमॉइड हाड फुटले. मी तिथे उभा होतो. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले तेव्हा मोतद्दाराने त्याचे डोके मांडीवर घेतले होते. कठड्याजवळच्या रसिकांपैकी एकानेही नंतर फोन केला नाही.

बार्बारोचे काय झाले ते आपण जाणता. २००६ ची केंटकी डर्बी जिंकली, दोन आठवड्यांनी प्रीकनेस शर्यतीत पाय मोडला, आणि आठ महिने झुंज देऊन २००७ च्या जानेवारीत त्याला निरोप द्यावा लागला. त्याचे एकही शिंगरू जगात नाही. जातीच्या हिताची आपल्याला एवढी काळजी आहे, तर त्याच्या रक्ताचे जे नुकसान झाले ते कोणाच्या खात्यावर मांडायचे?

आणि ‘न तपासलेले पाय’ म्हणाल, तर डॅन्झिग फक्त तीन शर्यती धावला. गुडघ्याने दगा दिला म्हणून थांबला, आणि पुढे विसाव्या शतकाच्या थोर बापांपैकी एक ठरला. आपला नियम असता तर त्याची शिंगरे क्लासिकच्या दाराबाहेर उभी राहिली असती.

पशुवैद्य शिरूर

दोन्ही बाजूंनी हाडांविषयी जे गृहीत धरले जात आहे, त्यावर थोडे लिहिणे आवश्यक वाटते.

घोड्याचे हाड भार पडला की स्वतःला नव्याने घडवते. योग्य प्रमाणात, लहान अंतरावर, कमी वयात दिलेला व्यायाम हाडाला बळकट करतो, असेच अभ्यास सांगतात. दुखापत प्रामुख्याने होते ती घडण्याचा वेग आणि झिजण्याचा वेग यांचे गणित बिघडले की. म्हणजे खूप विश्रांतीनंतर एकाएकी जोराचा सराव, किंवा सूक्ष्म भेगा पडलेल्या असताना त्या न ओळखता पुन्हा शर्यत. त्यामुळे ‘जितके अधिक धावेल तितका मोडेल’ हे भागीदारांचे गृहीतक अपुरे आहे, आणि ‘जितका अधिक धावला तितका त्याचा वंश मजबूत’ हे खरारांचे गृहीतकही अपुरे आहे, कारण टिकाऊपणात वंशाचा वाटा असला तरी जमीन, नालबंदी, सराव आणि औषधे यांचा वाटाही मोठा आहे. सरासरी शर्यती कमी झाल्या यामागे प्रशिक्षकांची पद्धत बदलली हेही कारण आहे. दोन शर्यतींमध्ये आता अधिक दिवस ठेवले जातात.

सेसमॉइडचे वाचून वाईट वाटले. ते हाड इतके वाईट फुटले की वाचवण्यासारखे फारसे काही उरत नाही.

खरारा

भागीदार साहेब, आपल्या घोड्याचे ऐकून मलाही दुःख झाले, आणि कठड्याजवळच्या लोकांनी फोन करायला हवा होता. परंतु एका अपघातावरून नियम ठरवायचा असेल तर दुसऱ्या बाजूचे अपघातही मोजावे लागतील. रोअरिंग लायन २०१८ च्या शेवटी, तीन वर्षांचा असताना, निवृत्त झाला. पुढच्याच ऑगस्टमध्ये, स्टडच्या दुसऱ्या हंगामासाठी न्यूझीलंडला नेलेले असताना, पोटशुळाने गेला. शेरगार १९८१ ची एप्सम डर्बी दहा लांबींनी जिंकून त्याच वर्षी निवृत्त झाला आणि १९८३ च्या फेब्रुवारीत स्टड फार्मवरूनच पळवला गेला. स्टड म्हणजे अभयारण्य नव्हे.

डॅन्झिगचे नाव या वादात येणार हे मला ठाऊक होते, कारण ते नेहमीच येते. तीन शर्यती धावून थांबलेले आणि पुढे बाप म्हणून काहीच न करू शकलेले जे शेकडो घोडे आहेत, त्यांची नावे कोणाला आठवत नाहीत म्हणूनच डॅन्झिगचे नाव आठवते. त्याउलट अमेरिकेचा सिगार हा घोडा पाहा. त्याचे सलग १६ विजय त्याच्या चौथ्या वर्षाच्या अखेरीपासून सहाव्या वर्षापर्यंतचे आहेत. तीन वर्षांचा असताना त्याला कोणी ओळखतही नव्हते. निवड त्या वयातच उरकायची, तर असे उशिरा उमलणारे घोडे बाजूलाच पडतील. फ्रँकेलला प्रिन्स खालिद अब्दुल्ला यांनी चौथ्या वर्षीही पळवले. १४ पैकी १४ जिंकून तो २०१२ साली थांबला. त्याची स्टड फी, म्हणजे एक घोडी फळवण्याचा दर, सव्वा लाख पौंडांपासून सुरू झाली आणि २०२४ पर्यंत साडेतीन लाखांवर गेली. आणखी एक वर्ष पळवल्याने कोणाचे दिवाळे निघाले?

चौथा भागीदार

प्रिन्स खालिद अब्दुल्ला यांचे उदाहरण मला देणे हा माझा अपमान आहे. त्यांची स्वतःची घोडी, स्वतःचे स्टड फार्म, आणि घोडा दुसऱ्या दिवशी गेला असता तरी जेवणाच्या ताटात फरक पडला नसता. सेक्रेटेरियट या अमेरिकी घोड्याचे घ्या. मालक १९७३ च्या जानेवारीत वारले, वारसाकराचा डोंगर उभा राहिला, आणि मुलीला त्याचे ३२ हिस्से प्रत्येकी १ लाख ९० हजार डॉलरला विकावे लागले. अट अशी की तिसऱ्या वर्षानंतर तो धावणार नाही. बेलमाँट शर्यत ३१ लांबींनी जिंकणारा तो घोडा चौथ्या वर्षी धावला नाही, याचे कारण लोभ नव्हते. वारसा टिकवायला त्या घराकडे दुसरा मार्ग नव्हता.

आणि सिगार? तो स्टडमध्ये गेला तेव्हा वंध्य निघाला. आपण ज्याला उशिरा उमलणारा म्हणून पुढे करत आहात, त्याने पुढच्या पिढीला काहीही दिले नाही. आपलेच उदाहरण आपल्या विरोधात जाते.

ब्लूग्रास

मी अमेरिकेत, केंटकीतील लेक्सिंग्टनला अनेक वर्षे राहतो. घोड्यांच्या व्यवसायात नाही, परंतु इथे शेजारी, वाणी आणि शाळेतले पालकही त्याच व्यवसायात असतात, त्यामुळे कानावर बरेच येते. खरारांच्या नियमाला अडचण नैतिक नाही, यंत्रणेची आहे.

थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही. घोडा आणि घोडी प्रत्यक्ष एकत्र यावी लागतात, तरच शिंगरू स्टड बुकात, म्हणजे जातीच्या वंशनोंदीच्या वहीत, नोंदले जाते. त्यामुळे एकाच वसंतात घोडा धावेल आणि घोड्याही फळवेल हे होत नाही. फ्रान्समधील ट्रॉटर घोड्यांत रेतन चालते, म्हणून तिथले नामांकित घोडे शर्यती धावत असतानाच बाप झालेले असतात. आता जस्टिफायचा हिशेब पाहा. २०१८ चा तिहेरी मुकुट (एकाच वर्षी तिन्ही मानाच्या शर्यती), सहा शर्यती, पायाच्या सांध्यावर सूज, निवृत्ती. पहिल्या हंगामात त्याने २५२ घोड्या फळवल्या आणि जाहीर फी दीड लाख डॉलर होती. सवलती आणि न जगलेली शिंगरे वजा केली तरी जी रक्कम उरते तिच्यापुढे कोणतीही शर्यत उभी राहत नाही. शिवाय घोड्याची किंमत दहापट झाली की विम्याचा हप्ताही दहापट होतो, आणि त्याला आणखी एक वर्ष पळवायचे म्हणजे तो हप्ता खिशातून भरायचा.

घोडीचे तसे नाही. ती अकरा महिने शिंगरू पोटात वाढवते आणि वर्षाला एकच देते. म्हणूनच ऑस्ट्रेलियाची घोडी विंक्स सात वर्षांची होईपर्यंत धावली, ४३ पैकी ३७ जिंकली, शेवटच्या ३३ सलग. तिच्या मालकांचे प्रेम अधिक होते आणि जस्टिफायच्या मालकांचे कमी, असे नाही.

नियमाचे म्हणाल, तर इथल्या जॉकी क्लबने, म्हणजे स्टड बुक ठेवणाऱ्या संस्थेने, २०२० साली एका नराने वर्षाला जास्तीत जास्त १४० माद्या फळवाव्यात अशी मर्यादा घातली होती. तीन मोठ्या स्टड फार्मांनी न्यायालयात धाव घेतली, केंटकीच्या विधिमंडळातही विरोध झाला, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत ती मर्यादा मागे घ्यावी लागली. माद्यांच्या संख्येवरील साधी मर्यादा जिथे टिकली नाही, तिथे वयाची अट कशी टिकेल?

मोतद्दाराचा मुलगा

आपण सर्वजण केंटकीत आणि इंग्लंडच्या न्यूमार्केटमध्ये फिरत आहात. माझे आजोबा आणि वडील दोघेही पुण्यात घोड्यांमागे राबले, म्हणून मला इथली गोष्ट सांगायची आहे. आपल्याकडे हा प्रश्न पूर्ण उलटा आहे. इथे चांगल्या कोल्टला लवकर निवृत्त करून स्टडला नेत नाहीत. त्याला स्टडचे दारच उघडत नाही.

भारतीय डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची असते. फेब्रुवारीत महालक्ष्मीला २४०० मीटर जिंकणाऱ्या घोड्याची त्या संध्याकाळी मिरवणूक निघते, आणि नंतर तो पाठीवरचे वजन वाढत वाढत हँडिकॅपमध्ये, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन ठेवणाऱ्या शर्यतींत, पळत राहतो. पाय थकले की त्याला ‘बाप’ म्हणून विचारणारे फार थोडे असतात, कारण स्टड फार्मना बाहेरचा घोडा हवा असतो. तो बाहेरचाही कसा? राझीन १९९० च्या एप्सम डर्बीत सर्वांचा आवडता म्हणून उतरला आणि पार मागे पडला. तोच घोडा भारतात आला आणि इथला अग्रगण्य बाप झाला. तो वाईट होता असे मी म्हणत नाही, त्याच्या शिंगरांनी नाव काढले. पण जॉकी वसंत शिंदे ज्यावर बसत त्या स्क्वाँडररने १९ पैकी १८ शर्यती जिंकल्या, तिहेरी मुकुट मिळवला, आणि तरीही या देशातील उत्तमोत्तम घोड्या पिढ्यानपिढ्या बाहेरच्या घोड्यांकडेच जात राहिल्या. वडील म्हणत की आपण घडवलेल्या घोड्यावर आपलाच विश्वास नाही.

तेव्हा खरारा दादा, ‘शर्यत ही पैदाशीची परीक्षा’ हे आपले वाक्य भारताला लागूच होत नाही. इथे परीक्षा होते, पहिला क्रमांक लागतो, आणि प्रवेश दुसऱ्यालाच मिळतो.

चौथा भागीदार

मोतद्दाराच्या मुलाने भावनेच्या भरात लिहिले आहे, परंतु स्टड चालवणे हे देशप्रेमाचे काम नाही. जो ब्रीडर शिंगरू विकून पगार देतो त्याला खरेदीदार मागतील ते रक्त द्यावे लागते. मल्टिडायमेन्शनल हा डेनहिलचा मुलगा, म्हणजे डॅन्झिगचा नातू, उषा स्टडमध्ये आला आणि त्याने भारतीय पैदाशीचा दर्जा उंचावला, हे निकालांच्या वह्या सांगतात. आपल्या घोड्या आधीच एकमेकींच्या नात्यातल्या आहेत. बाहेरचे रक्त थांबवले तर दोन पिढ्यांत सगळे एकाच घरातले होतील.

मोतद्दाराचा मुलगा

बाहेरचे रक्त थांबवा असे मी कुठेच लिहिलेले नाही, साहेब. कृपया जे लिहिले आहे त्याला उत्तर द्या. दहा बाहेरच्या घोड्यांबरोबर एका भारतीय विजेत्याला पन्नास चांगल्या घोड्या द्या, एवढेच म्हणणे आहे. त्याला मिळतात त्या उरलेल्या, वय झालेल्या, कधी न जिंकलेल्या घोड्या. मग त्याची शिंगरे हरली की आपण म्हणणार, पाहा, भारतीय घोडा बाप म्हणून चालत नाही.

आणि जे कोल्टही नसतात, खच्ची केलेले असतात, त्यांचे काय होते हे या धाग्यात कोणीच विचारलेले नाही. घोड्याच्या निवृत्तीविषयी एवढी मते मांडली गेली, पण निवृत्ती शंभरातल्या एकालाच मिळते, बाकीच्यांना पागेतून काढले जाते. वडिलांनी चार वर्षे ज्याला खरारा केला असा एक घोडा आम्हाला माथेरानला दिसला, पाठीवर पर्यटक. वडिलांनी नुसती जीभ टाळ्याला लावून आवाज केला आणि तो मान वळवून उभा राहिला. ते त्या दिवशी जेवले नाहीत.

अनुराधा ठाणे

माथेरानला निदान चालतोय तरी. मी ज्या राइडिंग क्लबमध्ये शिकले तिथे रेसकोर्सवरून आलेले घोडे होते, आणि त्यांतील निम्म्यांच्या पुढच्या पायांच्या शिरा कायमच्या जाड झालेल्या होत्या. याहून वाईट म्हणजे सर्पदंशावरच्या सीरमसाठी जाणारे. ज्या जनावराने तुमच्यासाठी बक्षिसे आणली त्याच्या शरीरात आयुष्यभर सर्पविष टोचत राहायचे, ही कोणती कृतज्ञता? यावर बोलायचे सोडून फ्लाइटलाइनच्या १८ कोटी डॉलरवर अश्रू ढाळणे मला पटत नाही.

पशुवैद्य शिरूर

ताई, सीरमच्या घोड्यांविषयी लिहिताना जरा जपून लिहावे. पुण्यातल्या पूनावाला स्टडचे निवृत्त घोडे परळच्या हाफकिन संस्थेला दिले जात, आणि त्यातूनच १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. विषाची मात्रा अत्यल्प असते, ती हळूहळू वाढवली जाते, रक्त काढल्यावर तांबड्या पेशी घोड्याला परत दिल्या जातात आणि मधल्या काळात विश्रांती असते. सगळीकडे नियम काटेकोर पाळले जातात असा माझा दावा नाही, देखरेख कडक हवीच. पण २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली असा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुतेक शेतात राबणारी होती. माझ्या तालुक्यात ऊसतोडीच्या दिवसांत घोणस चावलेली मुलगी दवाखान्यात आणतात तेव्हा तिच्या हातात जे टोचले जाते ते घोड्याच्या रक्तातूनच आलेले असते. ती मुलगी मी पाहिली आहे, त्यामुळे मला या घोड्यांचे जगणे अपमानाचे वाटत नाही.

अनुराधा ठाणे

प्रतिविष हवे, हे मला मान्य आहे, डॉक्टर. ते रेसच्या घोड्याचेच का हवे, हे मान्य नाही. आणि आपण ‘देखरेख कडक हवी’ हे एका वाक्यात उरकलेत, तोच तर माझा संपूर्ण मुद्दा होता.

सदाशिव पेठ पंटर

मूळ प्रश्न पैशाचा आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. घोडा लांब पळवायचा तर बक्षीस मोठे हवे, बक्षीस येते लोकांनी लावलेल्या पैशातून, आणि आपल्याकडे २०२३ च्या ऑक्टोबरपासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, तो २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून ४० टक्के झाला. शंभर रुपये लावणारा माणूस शर्यत सुरू होण्याआधीच हरलेला असतो. तो मग बेकायदा बुकीकडे जातो, क्लबचे उत्पन्न घटते, बक्षिसे आक्रसतात. त्यातच महालक्ष्मीची २११ एकरांतील १२० एकर जमीन उद्यानासाठी गेली. हाँगकाँगला पाहा. तिथे पैदास होतच नाही, बहुतेक घोडे खच्ची केलेले, आणि बक्षिसे प्रचंड. गोल्डन सिक्स्टी आठ वर्षांचा होईपर्यंत धावला, ३१ पैकी २६ जिंकला. बक्षीस वाढवा, घोडे आपोआप टिकतील.

ब्लूग्रास

करावरचा राग समजू शकतो, परंतु ‘बक्षीस वाढवा’ हे उत्तर जपानने खोटे ठरवले आहे. जपान कपच्या विजेत्याला ५० कोटी येन मिळतात, एवढे मोठे बक्षीस जगात मोजक्याच शर्यतींना आहे. इक्विनॉक्सने २०२३ साली ते जिंकले आणि लगेच, चार वर्षांचा असताना, निवृत्त झाला. त्याची फी दोन कोटी येन ठरली. दोनशे घोड्या धरल्या तर एका हंगामाचे ४०० कोटी येन होतात. कोणते बक्षीस याच्याशी बरोबरी करणार? हाँगकाँगमध्ये घोडे टिकतात ते मुख्यतः त्यांना स्टडचा पर्यायच नसतो म्हणून.

खरारा

ब्लूग्रास यांनी नकळत माझीच बाजू भक्कम केली आहे. बक्षीस वाढवून उपयोग नाही हे सिद्ध झाले, म्हणजे उरते ती स्टडच्या बाजूची मर्यादा. वयाची अट न्यायालयात टिकणार नाही, हे अमेरिकेपुरते मी नाइलाजाने मान्य करतो. तिथे १४० ची मर्यादाही टिकली नाही. परंतु नोंदणीवर बंदी घालणे वेगळे आणि शर्यत भरवणाऱ्याने प्रवेशाच्या अटी ठरवणे वेगळे. कोणत्या वयाचा, कोणत्या लिंगाचा घोडा कोणत्या शर्यतीत धावेल हे क्लब आजही ठरवतात. पाच वर्षांपर्यंत धावलेल्या बापाच्या शिंगरांसाठी राखीव बक्षीस ठेवायला कोणाची हरकत असेल?

जस्टिफायचा मुलगा सिटी ऑफ ट्रॉय याने २०२४ ची एप्सम डर्बी जिंकली, हे कोणी पुढे करण्याआधी मीच सांगतो. तो उत्तम घोडा होता. आणि त्यालाही तिसऱ्या वर्षीच स्टडला नेले. बाप सहा शर्यतींत थांबला, मुलगा तीन वर्षांचा असताना थांबला. हे पाय लांबच्या पल्ल्याचे आहेत का, हा प्रश्न दोन पिढ्या विचारलाच गेलेला नाही.

चौथा भागीदार

राखीव बक्षिसाला माझी हरकत नाही. बंदीला होती आणि राहील. मात्र असे बक्षीस ठेवणाऱ्यांनी मालकाच्या विम्याच्या हप्त्याचा एक वाटाही उचलावा, कारण चौथ्या आणि पाचव्या वर्षी घोडा पळवण्याची जोखीम एकट्या मालकाने घ्यायची आणि त्याचा आनंद व जातीचे हित मात्र सर्वांचे, हे वाटप मला कधीच न्याय्य वाटलेले नाही. आमच्या घोड्याचा विमा नव्हता. परवडत नव्हता.

मोतद्दाराचा मुलगा

विम्याचा वाटा उचलणार असाल तर त्याच अर्जात आणखी एक रकाना घाला. घोडा पागेतून बाहेर पडला की कुठे गेला, कोणाकडे गेला, आणि वर्षभराने जिवंत आहे का, याची नोंद. स्टड बुक पुण्यातच ठेवले जाते, जन्माची नोंद तिथे बिनचूक होते, प्रत्येक घोड्याच्या मानेत चिप असते. जन्मापासून शेवटच्या शर्यतीपर्यंत ज्याचा प्रत्येक दिवस लिहिला जातो, त्याचे नाव शेवटच्या शर्यतीनंतर वहीतून गळते. ही नोंद ठेवायला नवा कायदा लागत नाही, न्यायालयात कोणी जाणार नाही, आणि खर्च एका कारकुनाच्या पगाराएवढा आहे. भागीदार साहेब, यावर तरी आपली सही मिळेल का?

चौथा भागीदार

मिळेल. मसुदा तुम्ही लिहा, मी माझ्या तिन्ही भागीदारांच्या सह्या आणतो. भारतीय बापाला पन्नास घोड्या देण्याच्या मुद्द्यावर मात्र माझे मत तेच आहे, आणि त्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.